काचतंतूचे चिटणीस

मुलुंड पूर्वेच्या, अथवा बोरिवली-घाटकोपरच्या म्हणा, कोणत्याही सहकारी गृहनिर्माण संस्थेत सध्या एक गृहस्थ हमखास आढळतात. ते संस्थेचे चिटणीस असतात, सेवानिवृत्त असतात, आणि आपल्या घरी फायबर आले ही वार्ता सर्वांस कळविण्यासाठीच सरकारने आपल्याला पेन्शन चालू केली आहे, अशा श्रद्धेने जिना चढत-उतरत असतात. आमचे चिटणीस या वर्गाचे अस्सल प्रतिनिधी होत. पाण्याची टाकी आणि गाड्यांची जागा हे त्यांचे पूर्वीचे विषय आता बेमुदत तहकूब झाले असून, लिफ्टमध्ये सापडलेल्या इसमास तळमजला ते चौथा मजला एवढ्या अवधीत ते प्रकाशाच्या पूर्ण अंतर्गत परावर्तनाचे तत्त्व समजावून देतात.

अडचण ही, की ते बोलतात ते सारे खरे असते. मिठागरांवरून येणारी खारी, दमट हवा तांब्याच्या तारेला हिरवा गंज चढविते आणि जुलैत जोडांमध्ये पाणी शिरले की दूरध्वनीतून भजी तळल्यासारखा आवाज येतो, हे मुलुंडात कोण नाकारील? काचेला गंज चढत नाही, पंपाच्या मोटारीचा उपद्रव तिच्यातील प्रकाशाला पोहोचत नाही, आणि तांब्याच्या तारेवर बाहेर पाठविण्याचा वेग जो नेहमी कंजूष असे, तो फायबरवर आत येणाऱ्या वेगाच्या बरोबरीने मिळू शकतो. काच मुळात सदोष नाही, दोष तिच्यातील अशुद्धीचा आहे, हे चार्ल्स काओ यांनी १९६६ साली दाखवून दिले व २००९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले; परंतु काचतंतूवर त्यांच्याही आधी काम केलेल्या, पंजाबात मोग्याला जन्मलेल्या नरिंदरसिंग कपानींना त्यात वाटा दिला गेला नाही, याबद्दलचा तीव्र खेद चिटणिसांनी वार्षिक सभेच्या इतिवृत्तात, गळक्या गच्चीच्या ठरावाच्याही आधी, नोंदवून घेतला आहे.

पहाटे उठून ते वेग मोजतात आणि तो आकडा कालनिर्णयवर दुधाच्या हिशोबाशेजारी लिहितात. या वेगाचा खरा उपभोग घेतात त्यांची सून आणि नातू. एकीची कचेरी व दुसऱ्याचा वर्ग एकाच वेळी, भांडणाविना चालतो, आणि मला विचाराल तर फायबरचा याहून मोठा लाभ दुसरा नाही. स्वतः चिटणीस बाहेर पाठवितात ते केवळ सूर्योदयाचे एक चित्र. मात्र ते हल्ली अशा तातडीने येते, की प्रत्यक्ष सूर्याला मागाहून यावे लागते.

त्यांच्या दिग्विजयात एकच किल्ला उरला होता: पहिल्या मजल्यावरच्या काकू. त्यांच्या यजमानांनी कैक वर्षे नंबर लावून मिळविलेला दूरध्वनी अद्याप तिपाईवर, विणलेल्या रुमालाखाली होता.

"काकू, तुमच्या तारेत आता जीव राहिलेला नाही हो."

"मग काल तासभर मी बहिणीशी बोलले, ते कशातून?"

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी साऱ्या मुंबईची वीज गेली. काचतंतू शाबूत होता. पण त्याच्या टोकाची पेटी घरच्या विजेवर चालणारी, ती विझली. जुन्या दूरध्वनीला मात्र वीज दूरध्वनी केंद्राकडून, तारेतूनच येते. घटकाभराने चिटणीस, मुखपट्टी नीट बसवून, काकूंच्या दारात उभे राहिले आणि फायबर बंद पडल्याची तक्रार नोंदविण्यासाठी त्यांनी तोच दूरध्वनी मागितला. काकूंनी रुमाल उचलून दिला. तक्रारीचा क्रमांक लिहून घेण्यास कागद हवा होता. खिशातून निघाला तो काकूंसाठीच बाळगलेला फायबरचा कोरा अर्ज. चिटणिसांनी क्रमांक त्याच्या पाठीवर टिपला, मग कागद उलटून काकूंसमोर धरला आणि सहीची जागा दाखविली.