पंधरा दिवसांची जाग

जनजागृती पंधरवडा लागला आहे. मराठी माणसाला पंधरवडा म्हटलं की आधी पितरांचा आठवतो, आणि ते बरोबरच आहे. दोन्हींत वर्षभर ज्यांची विचारपूस केली नाही त्यांना एकदाच पान वाढायचं असतं, दोन्हींत समोरून उत्तर येईल अशी अपेक्षा नसते, आणि दोन्हींत कावळा शिवला की मोकळं होता येतं. फरक इतकाच की पितरांच्या वेळी कावळ्याची वाट पाहावी लागते. इथे तो गाडीतूनच सोबत आणलेला असतो आणि त्याच्या गळ्यात कॅमेरा असतो. कोरची, एटापल्ली, भामरागड, तिकडे चंद्रपूर जिल्ह्यात जिवती, असं करत गाडी एखाद्या गावात थांबते. दोन बांबूंमध्ये फ्लेक्स ताणला जातो. फ्लेक्सवर गोरापान डॉक्टर, त्याच्या हातात सिरिंज, शेजारी त्या गावात कधीही न जन्मलेलं गुटगुटीत बाळ, आणि खाली ठळक मराठीत आवाहन: अफवांवर नको, विज्ञानावर विश्वास ठेवा. गावाची बोली माडिया. फोटो निघतो, कावळा शिवतो, गाडी परत फिरते.

पंधरवड्यातून गावाच्या हाती काहीच लागत नाही, असं मात्र कुणी म्हणू नये. फ्लेक्स लागतो. गाडी वळणाआड गेली की तो बांबूवरून उतरतो आणि गळक्या छपरावर, धानाच्या पुंजण्यावर नाहीतर जळणाच्या लाकडांवर चढतो. आता याच फ्लेक्सकडे लस म्हणून पाहा. पावसापासून संरक्षण जवळजवळ पूर्ण. दुष्परिणाम नाहीत. शीतसाखळी नको, बर्फाची पेटी नको, दोन ते आठ अंशांची कटकट नाही. एका डोसात पावसाळा निघतो आणि बूस्टर पुढच्या पंधरवड्यात आपणहून दारात येतो. या लशीविरुद्ध आजवर एकही अफवा उठलेली नाही. फ्लेक्स घेतल्यावर मूल होत नाही असं कुठला पुजारी म्हणाला नाही, फ्लेक्सच्या भीतीने कुणी रानात पळालं नाही, आणि फ्लेक्स छपरावर घ्यावा यासाठी वेगळा पंधरवडाही पाळावा लागला नाही. हसू येत असेल तर हसून घ्या, पण विश्वास कसा बसतो याचा इतका स्वच्छ प्रयोग दुसरा सापडायचा नाही. वस्तू दारापर्यंत आली, तिने सांगितलेलं काम डोळ्यांदेखत केलं, आणि ती देताना कुणी ओरडलं नाही. झालं. विज्ञानावर विश्वास म्हणतात तो याहून फार वेगळा नसतो.

पण जनजागृती हा शब्दच असा आहे की आत शिरतानाच तो समोरच्याला झोपवून टाकतो. जागं कुणाला करतात? झोपलेल्याला. म्हणजे गडचिरोलीचं जंगल झोपलेलं आहे, हे आधी ठरलं. वास्तविक १९८२ साली चंद्रपूरमधून वेगळा झालेला हा जिल्हा, तीन चतुर्थांश रान, राज्यात हिवतापाचं नाव निघालं की सगळ्यांत आधी आठवणारा. पावसाळ्यात इथे रात्रभर जागं ठेवायला डास पुरेसे आहेत. आणि जागा माणूस हिशेब ठेवतो. कित्येक वर्षं पद्धत अशी होती की ताप आला की कर्मचारी बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्ताचा थेंब घेई. काचपट्टी तालुक्याला जाई, आणि अहवाल येईपर्यंत ताप तरी गेलेला असे, नाहीतर तापकरी. रक्त नेलं, उत्तर दिलं नाही. आता यातून गावाने विज्ञानाबद्दल कोणतं मत बनवायला हवं होतं, ते फ्लेक्सवर छापा. पुढे तपासणीची पट्टी आली. आशाताई दारात बसून थेंब घेते, पंधरा-वीस मिनिटांत रेघ उमटते, रेघ सगळे बघतात, गोळी तिथेच मिळते. बोट तेच, रक्त तेच, माणसंही तीच. फक्त उत्तर देण्याची पद्धत पडली.

यावर कचेरीतलं ठरलेलं उत्तर असं की ते सगळं ठीक, पण लोकांत गैरसमज आहेत. हा 'गैरसमज' फार सोयीचा रकाना आहे. नर्सबाईंचं पद रिक्त, गाडीत डिझेल नाही, रपट्यावरून पाणी, यांतलं काहीही लिहिलं की वरून विचारणा होते. 'गैरसमज' लिहिलं की होत नाही, कारण त्यात चूक त्या झोपडीची असते. टोचलं की मूल होत नाही, हा त्यांतला सगळ्यांत लाडका गैरसमज. लशीने मूल होणं थांबत नाही, यात तिळमात्र शंका नाही. पण ही भीती काय आकाशातून पडली? १९७६ साली याच राज्याच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. ते कायद्यात उतरलं नाही, पण गाडी आणि सुई एकत्र आली की काय होऊ शकतं, हे देशभरातल्या खेड्यांनी आणीबाणीच्या त्या दोन वर्षांत पाहून ठेवलं. आणखी अलीकडचं पाहा. गोदावरीच्या खालच्या अंगाला, खम्मम जिल्ह्यात, २००९ साली आश्रमशाळांतल्या आदिवासी मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची लस देण्याचा प्रकल्प झाला. लस चांगली. जगभर ती हा कर्करोग रोखते आहे. पण कितीतरी मुलींच्या संमतीपत्रांवर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी सह्या ठोकल्या. काही मुलींचे पुढे मृत्यू झाले. चौकशीत त्यांचा लशीशी संबंध आढळला नाही, पण २०१० मध्ये प्रकल्प थांबवावा लागला आणि २०१३ मध्ये संसदेच्या समितीने त्यावर कोरडे ओढले. लस निर्दोष, सही खोटी. आता सांगा, गावाने लक्षात काय ठेवायचं? रेणूची रचना?

मग आलं २०२१. त्या वर्षाबद्दल शांतपणे लिहिणं जमत नाही, तेव्हा क्षमस्व. १ मे रोजी अठरा वर्षांवरच्या सगळ्यांसाठी लस खुली झाली, म्हणजे मोबाइलवर खुली झाली. आधी नोंदणी, मग ओटीपी, मग जागा. भामरागड तालुक्यात, जिथे पर्लकोटेला पूर आला की पूल पाण्याखाली जातो आणि रेंज तर बिनपुराचीही जाते, तिथल्या माणसाला जागतिक महासाथीपासून वाचण्यासाठी सहा आकडी संख्या टिपायची होती, आणि तीही तिची मुदत संपण्याच्या आत. शहरातले तरुण मात्र जागे होते. बोटं मोबाइलवर, डोळे घड्याळावर. जागा सापडली की गाडी काढून खेड्यातल्या केंद्रावर हजर. राज्यात ठिकठिकाणी गावच्या दवाखान्यासमोर परगावच्या गाड्यांची रांग आणि गाववाले कडेला उभे, हे दृश्य तेव्हा वर्तमानपत्रांत रोज छापून येत होतं. सरकारी केंद्रावर थेट जाऊन नाव नोंदवण्याची मुभा त्या वयोगटाला मिळाली ती २४ मे रोजी, म्हणजे तीन आठवड्यांनी. आणि त्याच उन्हाळ्यात अहवाल काय सांगत होते? आदिवासी भागात लसीकरणाला अल्प प्रतिसाद, कारण, गैरसमज. अरे, ज्याच्या दारात लस आलीच नाही, त्याने ती नाकारली कधी? पंगतीत ज्याला पान मांडलं नाही, त्याला उपासाचं पुण्य लावण्याचा हा प्रकार. त्यावर उपाय म्हणून काय आलं? बरोबर. फ्लेक्स.

समंजस वाचक इथे म्हणतील की अंधश्रद्धा आहेच ना? आहे. आजारी पडल्यावर आधी पुजाऱ्याकडे जातात, हे खरं. पण अंधश्रद्धा लशीच्या आड येते हा सिद्धान्त खुद्द मराठी भाषेलाच मान्य नाही. ज्या रोगावर जगातली पहिली लस निघाली, त्याला आपण देवी म्हणत होतो, आणि ती लस घेण्याला म्हणत होतो देवी टोचणं. रोगाचं नाव देवी, लशीचं नाव देवी. एका हाताने नारळ फोडला आणि दुसऱ्या दंडावर व्रण घेतला, आणि कुणाला त्यात विसंगती दिसली नाही. भारतातून १९७५ मध्ये ती देवी गेली आणि जगातून गेल्याचं १९८० मध्ये जाहीर झालं. ती लोक विज्ञानवादी झाले म्हणून नव्हे, तर टोचणारे घरोघर फिरले, रुग्ण हुडकले आणि त्यांच्याभोवतीचा प्रत्येक माणूस टोचून काढला म्हणून गेली. उलट जिथे रस्ते आहेत, शाळा आहेत, मोठाली रुग्णालयं आहेत, त्या मुंबईत २०२२ साली गोवराने मुलं गेली. गोवराला रोखायचं तर शंभरातल्या सुमारे पंचाण्णव मुलांना दोन्ही डोस मिळायला हवेत; महासाथीच्या काळात ते चुकले आणि गोवराने वाट पाहिली नाही. अमेरिकेने २००० साली गोवर हद्दपार झाल्याचं जाहीर केलं होतं. २०२५ मध्ये टेक्सासात तो परतला, आणि न टोचलेली मुलं दगावली. तिथल्या आईबापांकडे शिक्षण, गाडी आणि रेंज सगळं होतं. तिथे आपलं पथनाट्य पाठवायचं का? नको. शिकलेल्याच्या नकाराला 'वैयक्तिक मत' म्हणतात. गैरसमज फक्त जंगलात उगवतो, तेंदूसारखा.

दुसरा आक्षेप अंतराचा. भाग अतिदुर्गम, पाड्यापाड्यावर पोचायचं कसं? अतिदुर्गम म्हणजे कचेरीपासून दूर. पाडा स्वतःच्या जागेवरच असतो. आणि या प्रश्नाचं उत्तर शोधायला परदेशी जाण्याचीही गरज नाही, ते याच जिल्ह्यात छापील मिळतं. १९९०च्या दशकात गडचिरोलीतल्या ३९ गावांत, त्याच गावांतल्या, बेताच्या शिकलेल्या बायांना शिकवून तयार केलं गेलं. त्या बाळंतिणीच्या घरी वारंवार जात, बाळ तपासत, आणि वेळ पडली तर इंजेक्शनही देत. तिसऱ्या वर्षी शेजारच्या गावांच्या तुलनेत नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. हा अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढे देशाच्या धोरणात उतरला. तेच डोंगर, तेच नाले, तेच पुजारी. सुई धरणारा हात तेवढा ओळखीचा होता. पोलिओचंही तेच. २०११च्या जानेवारीनंतर या देशात जंगली विषाणूचा पोलिओ झालेलं मूल सापडलं नाही, कारण बंद घरासमोर माणसं पुन्हा गेली, आणि पुन्हा गेली. पंधरवड्याचा कार्यकर्ता दुसऱ्यांदा येत नाही. त्याला पुढच्या वर्षी नवं गाव लागतं. जुन्या गावाचा फोटो काढून झालेला असतो.

आणि जनजागृती एकाच दिशेने वाहते, ही माझी मुख्य तक्रार आहे. २०२३ साली लहान मुलांसाठी हिवतापावरच्या दुसऱ्या लशीची जागतिक शिफारस झाली. ती तयार होते पुण्यात. तिथून ती आफ्रिकेत जाते. २०२४च्या जुलैमध्ये आयव्हरी कोस्टमधल्या मुलांना मिळू लागली. पुण्याहून आबिजानला पोचली, याचा अभिमान वाटायलाच हवा. भारताच्या लसीकरण कार्यक्रमात ती नाही. त्याला कारणं असू शकतात, आणि ती पटण्यासारखीही असू शकतात: चार डोस द्यावे लागतात, शिफारस आहे ती जिथे हा रोग मध्यम ते तीव्र प्रमाणात पसरतो त्या भागांसाठी, आणि आपल्याकडे मच्छरदाण्या, फवारणी, तपासणी आणि गोळ्या यांनी प्रमाण बरंच खाली आणलं आहे. पण ही कारणं धानोऱ्याच्या किंवा भामरागडच्या आईला, तिच्या बोलीत, कुणी येऊन सांगितली? त्याचा पंधरवडा कुठे आहे? लस द्यायची असते तेव्हा ती अज्ञानी असते म्हणून तिला जागं करायचं, आणि लस द्यायची नसते तेव्हा ती झोपलेलीच बरी. विज्ञानावर विश्वास ठेवा म्हणजे आम्ही देऊ ते घ्या, देणार नाही ते विचारू नका, असा जर अर्थ असेल, तर त्याला विज्ञान म्हणत नाहीत. त्याला मालगुजारी म्हणतात, आणि ती या भागाने पुरेशी भोगली आहे.

असं लिहिलं की लसविरोधकांचं फावतं, हा शेवटचा आक्षेप. फावत नाही. फावतं ते खोटं बोलल्याने, आणि बाटली खोटं बोलत नाही. पोलिओच्या बाटलीवर एक बारीकसा चौकोन असतो, वर्तुळाच्या आत. बाटलीला वाटेत उष्णता लागली की तो काळवंडत जातो, आणि वर्तुळाइतका काळा झाला की बाटली फेकून द्यायची. पुन्हा फ्रीजमध्ये ठेवून तो पांढरा होत नाही. मला खराब केलंय, हे लस स्वतःच्या अंगावर लिहून दाखवते. याहून प्रामाणिक काय असतं? लस आणणाऱ्या व्यवस्थेच्या अंगावर असा चौकोन नाही, एवढीच अडचण आहे. तेव्हा या पंधरवड्यात एक फ्लेक्स वेगळा छापा. डॉक्टर नको, बाळ नको. नर्सबाई कोणत्या वारी येतील, न आल्यास कुणाला विचारायचं, मागच्या पावसाळ्यात किती जणांचे डोस चुकले आणि ते कुणामुळे, पुण्याची लस इथे का नाही, एवढंच लिहा. ऐकवायचा माडियात, आणि लावायचा कचेरीच्या दारात, तोंड आत करून. पंधरवडा संपला की गावाकडे द्या. छपराला तो लागणारच आहे.