काम निघालं की सांगतो

महाराष्ट्रात नोकरी करणाऱ्याच्या पगारपत्रकात एक ओळ असते: पी.टी. २००. प्रॉव्हिडंट फंडाकडे माणूस आशेने बघतो, इन्कम टॅक्सकडे रागाने, या दोनशेकडे मात्र कोणी बघतच नाही. फेब्रुवारीत त्याचे तीनशे होतात, तेव्हा एखादा नवखा अकाउंट्सला जाऊन विचारतो, ‘हे शंभर जादा कसले?’ उत्तर येतं, ‘फेब्रुवारीत कापतातच.’ खरं कारण असं की घटनेने या पी.टी.ला, म्हणजे व्यवसाय कराला, वर्षाला २,५०० रुपयांची मर्यादा घातली आहे. दोनशेच्या हिशोबाने २,४०० होतात आणि वरचे शंभर सरकारला सोडवत नाहीत. ही मर्यादा १९८८ची. तेव्हापासून पेट्रोल, वडापाव आणि आमदारांचे भत्ते सगळं वाढलं, ती मात्र जागची हलली नाही. महिन्याला साडेसात हजारांच्या वर मिळवणाऱ्या पुरुषालाही हा कर १७५ रुपयांनी लागू होतो. (बायकांना पंचवीस हजारांपर्यंत माफी आहे. सरकारला दयाही गटागटाने येते.)

हा कर कशासाठी सुरू झाला, ते अकाउंट्सलाही ठाऊक नसतं. १९७५ सालच्या या कायद्यामागे कारण होतं रोजगार हमी. ज्याला काम आहे त्याने, ज्याला काम नाही त्याच्या मजुरीसाठी थोडं द्यावं, आणि त्यात तितकीच भर सरकारने घालावी. म्हणजे अंधेरीच्या ऑफिसात पंख्याखाली बसलेला कारकून आणि आटपाडीच्या माळावर खडी फोडणारी बाई यांचा एक रीतसर व्यवहार होता. त्यातल्या कारकुनाकडची वसुली आजही एका महिन्यालासुद्धा चुकत नाही. दुसऱ्या टोकाला काय चाललंय, ते बघू.

पण आधी मूळ. रोजगार हमीची योजना डोक्यातून निघाली ती वि. स. पागे यांच्या. विधान परिषदेचे सभापती. १९६५ साली सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात त्यांनी ती आधी करून बघितली. आजकाल घोषणा आधी होते आणि प्रयोग जनतेवर होतो, त्या मानाने हे फारच मागासलेलं. मग १९७२चा दुष्काळ आला. खायला सुकडी आणि मिलो, कामाला पाझर तलाव आणि नालाबांध. १९७३च्या उन्हाळ्यात जवळजवळ पन्नास लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. १९७७ साली कायदा संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ला लागू झाला. काम मागणं हा हक्क, बाईला पुरुषाइतकीच मजुरी आणि पंधरा दिवसांत काम दिलं नाही तर बेरोजगार भत्ता. भत्त्याचा किमान दर दिवसाला एक रुपया ठेवला होता, तेव्हा फार हुरळून जायला नको. पण सरकारने स्वतःच्या कामचुकारपणाला दंड लावून घेतला होता, आणि तोही कायद्याने! दिल्लीला असा कायदा (पुढे गांधींच्या नावाने मनरेगा) करायला २००५ उजाडलं.

आता या पंधरा दिवसांची गंमत. पंधरा दिवस मोजायला पहिला दिवस लागतो. तो पहिला दिवस कागदावर येतो काम मागितल्याच्या अर्जाने. हा अर्ज म्हणजे नमुना ४. तो भरायचा, ग्रामपंचायतीत द्यायचा आणि तारखेची पोच घ्यायची. पोच हातात आली की सरकारचं घड्याळ सुरू. म्हणून सगळी कला एकवटली आहे ती पोच न देण्यात.

‘भाऊ, काम पाहिजे होतं.’

‘काम निघालं की सांगतो ना, मावशी.’

‘ते नमुना चार का काय म्हणतात, तो भरून आणलाय पोराकडून.’

‘ठेवा तिथं.’

‘पोच?’

‘मावशी, तुमचा आमच्यावर भरोसा नाही का?’

इथे मावशी गप्प बसते. समोरचा ग्रामरोजगार सेवक भावकीतला असतो, उद्या रेशनच्या रांगेत त्याचंच तोंड बघायचं असतं, आणि ‘भरोसा नाही’ असं तोंडावर म्हणण्याची पद्धत आपल्याकडे नाही. अर्ज टेबलावर राहतो. काम चार महिन्यांनी निघतं. त्या आठवड्यात सेवक घरी येऊन नमुना ४वर अंगठा घेतो, त्यावर आदल्या दिवशीची तारीख घालतो, आणि संगणकात नोंद होते की बाईंनी सोमवारी काम मागितलं आणि मंगळवारी शासनाने ते दिलं. जगात कुठलं सरकार इतकं तत्पर असेल?

बिचाऱ्या सेवकाला बोल लावण्यात अर्थ नाही. त्यालाही तुटपुंजं मानधन मिळतं, तेही वेळेवर नाही. मेख वरती आहे. केंद्राच्या कायद्यात अकुशल मजुरी सगळी दिल्लीने द्यायची होती, बेरोजगार भत्ता मात्र राज्याने. पहिले तीस दिवस मजुरीच्या पाव आणि पुढे निम्मा. म्हणजे काम दिलं तर मजुरी दिल्लीची, नाही दिलं तर भत्ता मुंबईचा. आता मंत्रालयातला कुठला शहाणा माणूस गावोगावी तारखेच्या पोचा वाटत सुटेल? कायदा करणाऱ्यांना वाटलं, दंडाच्या धाकाने राज्य काम काढेल. राज्याने काम काढण्याऐवजी मागणीच कागदावर येऊ दिली नाही. तेवढी एक गोष्ट बिनखर्चाची होती.

काम मिळालंच, तर मजुरी. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्राचा दर दिवसाला ३१२ रुपये. आदल्या वर्षी २९७ होता, म्हणजे पंधरा रुपयांची घसघशीत वाढ. एका कटिंग चहाने तिचा निकाल लागतो. हरियाणात ४००, गोव्यात ३७८. बांद्याच्या अलीकडे माती खणली तर ३१२ आणि पत्रादेवीच्या पलीकडे ३७८. कोकणातला जांभा सीमा ओलांडली की सहासष्ट रुपयांनी कठीण होतो बहुतेक. आणि किमान वेतन? १९४८चा कायदा २०२५पर्यंत होता. खाजगी मालकाने त्याखाली एक रुपया कमी दिला तर गुन्हा. पण १ जानेवारी २००९पासून केंद्राने या मजुरीचा दर स्वतंत्र अधिसूचनेने ठरवायला घेतला आणि किमान वेतनाची भानगडच मिटवून टाकली. ही सोय एखाद्या गिरणीमालकाला सुचली असती तर गिरणगावात लाल झेंडे घेऊन मोर्चा निघाला असता.

मजुरी पंधरा दिवसांत खात्यात पडायला हवी. नाही पडली तर भरपाई: दर दिवशी थकलेल्या रकमेच्या ०.०५ टक्के. ३१२ रुपयांवर हे झाले सुमारे पंधरा पैसे. पंधरा पैशांचं नाणं कधी निघालेलं मला आठवत नाही, पण सरकारने ते मजुरासाठी खास हिशोबात पाडलं. आपलं वीजबिल आठवडाभर उशिरा भरून बघा, मग कळेल उशिराची किंमत सरकार किती लावतं.

चोरी होऊ नये म्हणून बंदोबस्त मात्र कडक. २०२३पासून कामावरच्या मजुरांचा दिवसातून दोनदा मोबाइलवर फोटो काढायचा आणि ॲपवर चढवायचा. डोंगरात रेंज नसते तिथे मजूर काम सोडून रेंज शोधत फिरतात. एवढं करून जुलै २०२५मध्ये दिल्लीच्या ग्रामविकास मंत्रालयालाच पत्रक काढावं लागलं, की लोक भलतेच फोटो चढवताहेत, आणि काही ठिकाणी तर फोटोचाच फोटो काढून हजेरी लावली जातेय. हजेरीपटावर बोगस नावं लिहिणाऱ्या जुन्या मुकादमाला निदान नावं तरी सुचावी लागत.

मधल्या काळात राज्याचा मागण्यांना नकार होता असं मात्र मुळीच नाही. मागेल त्याला शेततळे झालं. मागेल त्याला सौर कृषिपंप झाला. ‘मागेल त्याला’ हे शब्द मूळचे ‘काम’ या शब्दाच्या पुढे होते. ते उचलून शेततळ्याला लावले, पंपाला लावले, सगळीकडे शोभले. अडचण एकच: शेततळं मागायला शेत लागतं आणि पंप लावायला विहीर. ज्याच्याकडे यातलं काहीच नाही, त्याच्यासाठी मूळ योजना होती.

आणि डिसेंबर २०२५मध्ये संसदेने मनरेगाच्या जागी नवा कायदा संमत केला. विकसित भारत, गॅरंटी, रोजगार, आजीविका, मिशन, ग्रामीण... नाव एका दमात म्हणता येणं हीच खरी अकुशल कामगाराची परीक्षा. नावाचं आद्याक्षरी रूप शेवटी ‘जी राम जी’ला जाऊन थांबेल याची काळजी घेतलेली. लगेच ठरल्याप्रमाणे भांडण जुंपलं: एक बाजू गांधींसाठी, एक रामासाठी. दोघांनी कधी माती वाहण्याची मजुरी थकवल्याचा पुरावा नाही, तरी भांडण त्यांच्याच नावाने. तेवढ्या गोंगाटात आकडे सुखाने पार झाले.

आकडे असे. हमीचे दिवस वर्षाला शंभराचे सव्वाशे. छान. शंभर दिवसांची हमी होती तेव्हा देशभरात प्रत्यक्ष सरासरी एका कुटुंबाला पन्नासच्या आसपास दिवस मिळत होते. ज्या पंगतीत अर्धी पोळी वाढली, तिथे ताट मोठं करून दिलं आहे. महाराष्ट्राचा आपला कायदा तर वर्षभर काम द्यायचं म्हणत आला, शंभराच्या पुढचे दिवस राज्याच्या खर्चाने. मग पैसा: दिल्ली साठ टक्के, राज्य चाळीस, मजुरीसुद्धा त्यातच. आणि दिल्ली राज्याला रक्कम आधी ठरवून देणार. मागणी वाढून खर्च वर गेला तर तो राज्याचा. थोडक्यात, उरेल त्याला काम. मागणी कागदावर न येऊ देण्यात राज्याचा फायदा पूर्वी मुख्यतः भत्त्यापुरता होता. आता चाळीस टक्के मजुरीही वाचणार. लाडकी बहीण योजनेचे महिन्याचे पंधराशे भागवता भागवता ज्या तिजोरीला घाम फुटतो, तिच्याकडून ही चाळीस टक्क्यांची हौस किती होईल, याचा अंदाज अर्थ खात्यातल्या शिपायालाही करता येईल.

सगळ्यात झकास कलम शेवटी सांगतो. पेरणी-काढणीच्या हंगामात, वर्षाचे एकूण साठ दिवस, कामं बंद ठेवायची. कारण शेतकऱ्याला मजूर मिळत नाहीत. मजूर का मिळत नाहीत? सरकारी कामावर ३१२ मिळतात म्हणून, असं समजायचं. म्हणजे ३१२ ही मजुरी इतकी डोईजड आहे, की ती साठ दिवस बंद केल्याशिवाय बांधावरचा दर खाली येणार नाही! शेतमालाला भाव मिळाला तर शेतकरी मजुराला चार पैसे जास्त देईल, हा दुसरा मार्ग कोणाच्या टिपणीत आलेला दिसत नाही.

ते साठ दिवस नेमके कुठले, हे राज्याने आधी जाहीर करायचं आहे. मराठवाड्यात सोयाबीनची काढणी आणि कापसाची वेचणी दसरा-दिवाळीच्या आगेमागे येते, तेव्हा ते तिथे येणार हे उघड आहे. त्याच दिवसांत बीडच्या वाड्या-वस्त्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, नवराबायकोचा एक कोयता धरून. मुकादमाने उचल पावसाळ्यातच दिलेली असते, रोख. तो नमुना ४ मागत नाही, फोटो ॲपवर चढवत नाही, आणि पोचही मागावी लागत नाही. टेम्पो कधी येणार ते तो आधी सांगतो, आणि त्या दिवशी टेम्पो येतो.