दोन हजारांचाच तर फरक

दहावीला नव्वदच्या वर टक्के मिळाले तर गेमिंग कॉम्प्युटर घेऊन देईन, असं मी चिरंजीव आठवीत असताना सांगून बसलो होतो. त्याचे तेव्हाचे गणिताचे मार्क बघता हे वचन द्यायला काहीच हरकत नव्हती. २०२४ च्या मे महिन्यात निकाल लागला. ९१.४० टक्के. पहिला पेढा माझ्या हातावर ठेवत तो म्हणाला, "बाबा, बजेट किती?"

"साठ हजार. वर एक रुपयाही नाही."

हे वाक्य मी त्या दिवशी वापरलं ते शेवटचंच.

त्याला तयार कॉम्प्युटर नको होता, जोडायचा होता. मला १९९९ साल आठवलं. आमच्याकडे पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा तो जोडणारा मुलगा स्कूटरवरून आला होता. आईने त्याला पोहे दिले, बाबांनी चपला बाहेर काढायला लावल्या, आणि तो गेल्यावर मॉनिटरला जुन्या पडद्याच्या कापडाचं कव्हर शिवलं गेलं. ३२ एमबी रॅम होती. आता चिरंजिवांना ३२ जीबी हवी होती. मी दोनदा विचारून खात्री करून घेतली.

पुढचे पंधरा दिवस घरात दुसरा विषय नव्हता. कॉम्प्युटर जोडणं म्हणजे एकत्र कुटुंब जमवणं. प्रत्येकाचं प्रत्येकाशी पटलं पाहिजे, आणि नाही पटलं तर मधे पडायला कुणी काका-मामा नाहीत. एएमडीच्या जुन्या एएम४ सॉकेटचा प्रोसेसर घेतला तर सगळंच स्वस्त; त्याला डीडीआर४ रॅम चालते. २०२२ साली आलेल्या एएम५ सॉकेटला मात्र डीडीआर५ च लागते. मग महाग ते का घ्यायचं? तर म्हणे, चार-पाच वर्षांनी नुसता प्रोसेसर बदलला की काम भागेल, मदरबोर्ड तोच राहील. म्हणजे पुढे कधीतरी वाचतील म्हणून पैसे आज भरायचे. मी आयुष्यभर विम्याचे हप्ते भरलेला माणूस, मला हे ताबडतोब पटलं.

"आणि तसा दोन हजारांचाच तर फरक आहे," तो म्हणाला.

बचतीचा एक प्रयत्न मीही केला. "माळ्यावर जुन्या कॉम्प्युटरमधली डीडीआर३ ची पट्टी आहे. ती बसव."

"बाबा, खाच वेगळ्या जागी असते. बसतच नाही ती."

"थोडी कानस मारली तर?"

यावर तो काही बोलला नाही. फक्त त्या दिवसापासून मला निर्णयप्रक्रियेतून अर्थखात्यात हलवण्यात आलं.

तिथेही माझं काही चाललं नाही. आमचा मिक्सर साडेसातशे वॅटचा आहे, त्याच्यावर इडलीचं पीठ निघतं. मग खेळण्याला साडेसहाशे वॅटचा पॉवर सप्लाय कशाला, असं मी विचारून पाहिलं. पॉवर सप्लाय आतमध्ये किती कमी वीज वाया घालवतो, त्यावरून त्याला ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशा पायऱ्या असतात. ब्राँझवरून गोल्डवर गेलो. किती फरक? दोन हजार. आईने पलीकडून विचारलं, "सोन्याचा आहे तर लॉकरमध्ये नको का ठेवायला?"

ग्राफिक्स कार्ड म्हणजे या घरातला जावई. एकट्यावर सव्वीस-सत्तावीस हजार खर्च, सगळ्यात जास्त जागा त्याला, सगळ्यात जास्त वीज त्याला, आणि गरम झाला की बाकीच्यांनी वारा घालायचा. आम्ही आरटीएक्स ४०६० वर थांबलो. तेही मी "आता बास" म्हणालो म्हणून नव्हे, तर त्याच्या वरच्या कार्डातला फरक दोन हजारांचा नव्हता म्हणून. मॉनिटर धरून बेरीज झाली चौऱ्याण्णव हजार. साठाचे चौऱ्याण्णव एकदम झाले असते तर मला झीट आली असती. पण ते एकदम झालेच नाहीत. प्रत्येक वेळी फक्त दोन हजार वाढले. सतरा वेळा.

शनिवारी आम्ही डोंबिवलीहून निघालो, दादरला गाडी बदलली आणि ग्रँट रोडला उतरलो. लॅमिंग्टन रोडच्या पाट्यांवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं नाव आहे, पण तिथे कुणाला भडकमकर मार्ग विचारला तर तो तुम्हाला इन्कम टॅक्सवाला समजतो. लॉर्ड लॅमिंग्टन हा १९०३ ते १९०७ मुंबईचा गव्हर्नर. त्याआधी तो ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडचा गव्हर्नर होता, आणि तिकडे लॅमिंग्टन म्हणजे चॉकलेट लावून खोबऱ्यात घोळवलेला केक. त्यांना केक मिळाला, आम्हाला केबल.

दुकान रुंदीला आमच्या न्हाणीघराएवढं. काउंटरमागचे शेठ कॅल्क्युलेटरवर एक आकडा टाइप करून आमच्याकडे फिरवायचे, मी तो कमी करून त्यांच्याकडे फिरवायचो. एकही शब्द न बोलता आठशे रुपये उतरले. त्या आठशेंतले चारशे मी थर्मल पेस्टच्या ट्यूबवर घालवले. निघताना शेठ म्हणाले, "काका, खोके टाकू नका हां. वॉरंटीला खोका लागेल." हे वाक्य बायकोच्या कानावर पडायला हवं होतं.

बाहेर पाऊस सुरू झाला होता. कॅबिनेटचा खोका प्लास्टिकमध्ये गुंडाळून आम्ही दादरला आलो आणि मालडब्यात शिरलो. तिथे रिकाम्या पाट्या घेऊन परतणाऱ्या मावश्या. एकीने खोक्यावर हात आपटून विचारलं, "टीव्ही का?" मी म्हणालो, "कॉम्प्युटर. एका बाजूला काच आहे." ती दचकून मागे सरकली आणि कुर्ल्यापासून डोंबिवलीपर्यंत प्रत्येक चढणाऱ्यावर ओरडत राहिली, "ए, काच हाय ती! लांब ऱ्हा!" आमच्या चौऱ्याण्णव हजारांचा एवढा मोठा विमा कुठल्याच कंपनीने उतरवला नसता. तिचे आभार मानायचे राहिले. डोंबिवलीला उतरायला मिळालं, हेच खूप होतं.

रात्री जेवणं आटोपून टेबलावर जुनी चादर पसरली. प्रोसेसरवरची दांडी दाबताना पापड मोडल्यासारखा आवाज झाला. माझ्या पोटात गोळा आला. "होतो तसा," चिरंजीव म्हणाले. पंख्याखाली पाहिलं तर कंपनीने पेस्ट आधीच लावून दिलेली. चारशे रुपयांची ट्यूब तेव्हापासून आईच्या औषधांच्या डब्यात आहे, आणि ती गुडघ्याला लावण्यापासून मी आईला दोनदा परावृत्त केलंय. रॅमला खाचा चार आणि पट्ट्या दोन, पण त्या दुसऱ्या आणि चौथ्या खाचेतच बसवायच्या. आमच्या लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौघं बसतात. इथे चौघांच्या जागेत दोघं, तेही मधे एक जागा सोडून.

माझ्याकडे काम होतं टॉर्च धरण्याचं. कॅबिनेटच्या बटणाच्या वायरी मुंगीएवढ्या पिनांवर बसवायच्या असतात, आणि त्या पिना बरोबर कोपऱ्यात, अंधारात. "बाबा, तिथे नाही, इथे धर. अरे, इथे! हलवू नकोस ना!" लहानपणी लाइट गेले की बाबा स्टुलावर चढून फ्यूज बांधायचे तेव्हाही टॉर्च मीच धरायचो, आणि वरून हेच शब्द यायचे. चाळीस वर्षांच्या अनुभवानंतरही मला टॉर्च धरता येत नाही, यावर आता घराण्याच्या दोन पिढ्यांचं एकमत आहे.

साडेबाराला बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले, सगळी खोली वरातीच्या घोड्यासारखी रंगीबेरंगी झाली. स्क्रीन मात्र काळी. एक मिनिट. दोन मिनिटं. मी घड्याळाकडे बघत चौऱ्याण्णव भागिले साठ असा काहीतरी निरर्थक हिशोब करू लागलो. आई उठून आली, तिने देवापुढे साखर ठेवली. चिरंजिवांचा चेहरा निकालाच्या दिवशीसुद्धा इतका उतरला नव्हता. बंद करावा म्हणून मी हात पुढे केला आणि त्याने तो धरला. "थांब. मॅन्युअलमध्ये आहे. डीडीआर५ पहिल्यांदा चालू करताना मदरबोर्ड रॅमची ओळख करून घेतो. वेळ लागतो."

चौथ्या मिनिटाला अक्षरं उमटली. विज्ञान आणि साखर यांच्यात श्रेय कुणाचं, यावर घरात अजून दोन मतं आहेत.

२०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी रॅम उचलायला सुरुवात केली आणि बाजारात भाव कडाडले. आजवर सोनं, शेअर, फ्लॅट हे सगळं मी चढल्यावरच घेतलं. रॅम तेवढी स्वस्तात पदरात पडली होती. चहाच्या वेळी मी घरात जाहीर केलं की आपली गुंतवणूक दुपटीवर गेली आहे.

"मग विका," बायको म्हणाली, "आणि माळा रिकामा करा."

माळ्यावर नऊ खोके आहेत. पॉवर सप्लायची वॉरंटी २०२९ पर्यंत आहे. तोवर गणपतीचं मखर आमच्या पलंगाखाली.