थकबाकी मोठ्याने वाचणारा प्रोग्रॅम : सोसायटीच्या सचिवांसाठी मार्गदर्शन

थकबाकीदारांची यादी काढून देणारा छोटा पायथन प्रोग्रॅम चिरंजीवांनी लिहून दिला आहे आणि नोटीस बोर्डावरची यादी कोणीही वाचत नाही, असे गृहीत धरून या सूचना केल्या आहेत.

थकबाकीला वाचा फोडणे सोपे आहे. ‘पायटीटीएसएक्स३’ ही फुकट लायब्ररी बसवावी, इंजिन सुरू करावे, ‘से’ला वाक्य द्यावे, ‘रनअँडवेट’ म्हणावे. झाले. इंटरनेटही लागत नाही, कारण आवाज कॉम्प्युटरमधलाच. फक्त विंडोजबरोबर आलेला आवाज बहुधा इंग्रजी असतो. देवनागरी दिसली, की तो खर्चाचा तपशील विचारल्यावर खजिनदार बसतात तसा गप्प बसतो. मराठीसाठी ‘ईस्पीक एनजी’ घ्यावे. हा आवाज कोणा माणसाच्या रेकॉर्डिंगमधून नव्हे, गणितातून घडवलेला आहे, त्यामुळे कोरडा लागतो. वसुलीला तो शोभतो. (अनेक दृष्टिहीन मंडळी पडदा वाचून दाखवणाऱ्या ‘एनव्हीडीए’मधून हाच आवाज आपल्याला एक शब्द कळणार नाही अशा वेगाने ऐकतात. वेगाबद्दल तक्रार करणाऱ्या सभासदांना हे सांगावे.) गोड आवाज हवाच असेल तर ‘जीटीटीएस’ आहे, पण त्याला नेट लागते, आणि गोड आवाजात मागितलेले पैसे येत नाहीत.

खरी मेहनत मजकुरावर आहे. ‘स.न.वि.वि.’ जसेच्या तसे दिले तर यंत्र अडखळल्यासारखे एकेक अक्षर काढते. सप्रेम नमस्कार पूर्ण लिहून करावा. ‘रु.’, ‘दि.’, ‘श्री.’ यांचेही तेच. मोबाइल नंबर सलग ठेवू नये, नाहीतर सभासदाचा फोन अब्जांत मोजला जाऊन थकबाकी त्यापुढे किरकोळ वाटू लागते. आकड्यांत मोकळी जागा सोडावी. ७९ला यंत्र न चुकता ‘एकोणऐंशी’ म्हणते. तरुण सभासद मात्र ‘म्हणजे सेव्हंटी नाइन ना?’ असे विचारायला खाली येतात. २०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक, वीस दोन’ आले तेव्हा ज्यांनी नाके मुरडली, त्यांचीच ही मुले. त्यांच्यासाठी आकडे इंग्रजीत वाचावेत.

आता ‘रनअँडवेट’. बोलणे संपेपर्यंत तो प्रोग्रॅमला जागचा हलू देत नाही. पडदा गोठतो, सचिव घाबरून बटण पुन्हा पुन्हा दाबतात, आणि यादी संपली की तेवढ्याच वेळा नव्याने सुरू होते. तेव्हा बोलण्याचे काम वेगळ्या थ्रेडमध्ये टाकावे, बोलणे चालू असताना बटण बंद ठेवावे आणि शेजारी ‘थांबा’ असे मोठे बटण द्यावे. यादीत अध्यक्षांचे नाव आहे का, हे आधी पाहावे.

स्पीकर लिफ्टजवळ बसवण्यापूर्वी सभेत ठराव मांडावा. नामंजूर झाल्यास ‘व्हॉल्यूम’ ०.० करून वाचन नियमितपणे चालू ठेवावे आणि तशी नोंद इतिवृत्तात घ्यावी.