पत्ता पक्का, धंदा अज्ञात

“त्या पिवळ्या बंगल्यातल्या भाडेकरूचं काही कळलं का हो, ताई?” वहिनींनी कुंपणापलीकडून खडा टाकला. चादरीवर जवळा वाळत होता, हातात मांजरासाठी काठी.

“कसलं कळतंय! सकाळ-संध्याकाळ फाटकात उभा असतो. विरार लोकल पकडताना कधी दिसला नाही. आमची पुतणी म्हणते, जंतूंतही असले असतात.”

“ती एम.एस्सी.वाली?”

“तीच. क्षयाच्या जंतूवर अभ्यास चाललाय. जेवायला बसलं की विषय काय, तर बेडका! १९९८ साली त्या जंतूची जनुकं वाचून झाली. जवळजवळ चार हजार. त्यांतली शेकडो काय करतात, याचा पत्ताच लागेना. कित्येकांची प्रथिनं म्हणे जंतूच्या पापुद्र्यातच बसलेली.”

“काम ठाऊक नाही, मग जागा बरी कळली?”

“प्रथिनात वीसेक तेलकट अमिनो आम्लं ओळीने आली, की ते स्निग्ध पापुद्र्यात रुतून बसणार, असा अंदाज बांधतात. मग आजूबाजूला कोण आहे ते बघायचं. जंतूंमध्ये एका कामाची जनुकं पुष्कळदा लागून असतात.”

“म्हणजे आपण करतो तेच की!”

“हो ना. आणि आपल्याला लोक नावं ठेवतात. २००८ साली सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने क्षयाच्या औषधांसाठी खुला प्रकल्प काढला. २०१०च्या सुमारास देशभरातल्या शेकडो पोरांनी इंटरनेटवर ही जनुकं वाटून घेतली आणि एकेकाची माहिती जमवली. सरकारी चांभारचौकशी!”

“कुणाचं बिंग फुटलं का पण?”

“एकाचं फुटलं, पण ते वेगळ्या वाटेने. एमएमपीएल-३ नावाचं प्रथिन. मायकोबॅक्टेरियमच्या पापुद्र्यातलं मोठं प्रथिन, क्रमांक तीन, एवढाच त्या नावाचा अर्थ. ते नसलं तर जंतू जगत नाही, हे आधी कळलं होतं. २०१२ साली नव्या औषधांना दाद न देणारे जंतू तपासले, तर बदल नेमका याच्याच जनुकात. जंतूच्या अंगावर मेणचट थर असतो ना, त्याचा माल आतून बाहेर पोचवणारा हाच. त्या थरामुळेच कितीतरी औषधं आत शिरत नाहीत.”

“मग बाकीच्यांचंही कळेल हळूहळू.”

“कळेल तेव्हा. २०१६ साली अमेरिकेत व्हेंटर नावाच्या शास्त्रज्ञाच्या लोकांनी फक्त ४७३ जनुकांवर जगणारा जंतू बनवला. एकेक जनुक काढून बघत. त्यांतल्याही १४९ जनुकांचं काम त्यांना सांगता येईना.”

“मग टाकायची ना काढून! फुकट कशाला पोसायची?”

“काढली तर जंतू मरतो, नाहीतर रडतखडत वाढतो.”

वहिनींनी मांजराच्या दिशेने काठी आपटली. “ते राहू दे. पोरीच्या लग्नाचं कुठवर आलं?”

“तेवढं तिच्यासमोर काढू नका हां, वहिनी. काढलंत, की ती पुन्हा बेडक्यावर येते.”