भेंडी आणि वार्षिक परीक्षा

नागपूरच्या मनीषनगरात माती सोडून सगळं मिळतं. सकाळी तर्री-पोहे मिळतात, रात्री उशिरा वाढदिवसाचा केक मिळतो, फ्लॅट तर न मागताही दाखवतात. शाळेच्या परसबागेसाठी माती हवी म्हटलं, की मात्र लोक मुरमाचा ट्रक पाठवून देतात. देशभरच्या मातीचे नकाशे काढणाऱ्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्यूरोचं मुख्यालय नागपुरातच आहे. त्यांनी आमच्या शाळेची मागची जागा तपासली असती, तर ‘विटांचे तुकडे, फुटक्या टाइल्स, निचरा उत्तम’ असा मातीचा नवाच प्रकार देशाला मिळाला असता.

निवृत्त माणूस नातवाला घ्यायला येऊन शाळेच्या गेटवर उभा दिसला, की त्याला समितीत घेतात. मला परसबाग समितीत घेतलं. समितीत सल्ला देणारे भरपूर आणि झारी एक. ‘जीवामृत करा’ हा सल्ला सर्वांत आवडता. अमरावती जिल्ह्यातल्या सुभाष पाळेकरांनी तो देशभर पोचवला. त्यांना 2016 साली पद्मश्रीही मिळाली. जीवामृत म्हणजे शेण, गोमूत्र, गूळ, बेसन, मूठभर माती आणि पाणी. मुलांना कृती तोंडपाठ झाली. अडचण एवढीच, की मनीषनगरात गाय सिग्नलवर भेटते आणि ती आपल्या वेळेने शेण देते. शिवाय गूळ आणि बेसन आणलं, की खिचडी शिजवणाऱ्या मावशी म्हणायच्या, “काका, याचे लाडू नाही का होणार जी?”

हिवाळ्यात खरं तर बाग फार काही मागत नाही. टमाटरांना काड्यांचा आधार द्यायचा, वालावर मावा आला की निंबोळी अर्क फवारायचा, कडाक्याची थंडी पडणार असं कळलं की संध्याकाळी हलकं पाणी द्यायचं. 29 डिसेंबर 2018 रोजी नागपूरचा पारा 3.5 अंशांवर उतरला होता, तेव्हापासून इथला प्रत्येक माणूस स्वतःला दवाचा तज्ज्ञ समजतो. पण आमच्या मेथीला धोका थंडीचा नव्हता. धोका स्नेहसंमेलनाचा होता. मंडपवाल्याला खांब रोवायला मैदानभर जागा होती. त्याला गाजराचा वाफा मऊ लागला. त्याचंही खरंच होतं. त्या आवारात खणता येईल अशी तेवढीच जागा होती.

पाचवीच्या मुलांनी झाडं वाटून घेतली आणि प्रत्येक रोपाजवळ नावाची पाटी खोचली. त्यामुळे निगा वाढली, पण खासगी मालमत्ताही आली. एक मुलगा तापाने घरी होता, तेव्हा त्याचं वांगं माना टाकून उभं. शेजारच्या मुलीला विचारलं, पाणी का नाही दिलंस? ती म्हणाली, “आजोबा, ते त्याचं आहे. आमचं भांडण चालू आहे.”

मग पीक आलं आणि गणिताचा तास झाला. शालेय पोषण आहारात प्राथमिकच्या मुलाला रोज 50 ग्रॅम भाजी ठरलेली आहे. दोनशे मुलं म्हणजे रोज दहा किलो. मावशींनी आमची सगळी मेथी एका हातात धरली, सांभार म्हणजे कोथिंबीर दुसऱ्या हातात, आणि काही न बोलता पातेल्याकडे पाहिलं. तरी त्या दिवशी खिचडीतली मेथी कुणी बाजूला काढून ठेवली नाही. घरी ताटाच्या कडेला हिरवी रांग लावणारा माझा नातूही त्यात होता.

संक्रांतीनंतर वसंताची तयारी. नागपुरातला वसंत म्हणजे रजई आणि कूलर यांच्यामधले थोडेसे दिवस. तेवढ्यात वाफे उकरायचे, शेणखत घालायचं, भेंडी, गवार, चवळी, काकडी, दोडके लावायचे. यातली गोम अशी: फेब्रुवारीच्या मध्यावर लावलेली भेंडी दीड-दोन महिन्यांनी तोडायला येते. म्हणजे नेमकी वार्षिक परीक्षेत. मुलं आत ‘वनस्पतीचे अवयव सांगा’ लिहीत असतात आणि बाहेर ते अवयव जून होत असतात. मे महिन्यात सुट्टी. ऊन असं, की 2013 च्या मे महिन्यात इथे 47.9 अंशांची नोंद झाली होती. विदर्भातल्या शाळा उघडतात जूनच्या अखेरीस. तोवर दोडक्याचा वेल आणि त्याची सुतळी यांतली सुतळी कोणती, हे ओळखावं लागतं.

मनीषनगराला खेटून जाणारा वर्धा रोड पुढे सेवाग्रामकडे नेतो. बाग आणि अभ्यास यांची सांगड कशी घालायची, हा प्रश्न तिथे कधीचाच हाताळून झालाय. 1937 साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षण ही कल्पना मांडली आणि झाकीर हुसेन यांच्या समितीने तिचा अभ्यासक्रम केला. सेवाग्रामच्या आनंद निकेतन शाळेत आजही मुलं शेतात काम करतात, तो शिक्षणाचाच भाग. आमच्याकडे परसबाग वेळापत्रकात शनिवारी, पीटीच्या तासाला, तोही पीटीचे सर रजेवर असतील तर.

म्हणून या वर्षी समितीत मी एकच ठराव मांडला आणि चहा येण्याआधी मंजूर करून घेतला. भेंडी कमी, टिकाऊ झाडं जास्त. हात धुण्याच्या नळाचं पाणी वाहतं तिथे अळू आणि केळी, कुंपणाला शेवगा, कोपऱ्यात कढीपत्ता आणि पपई. वाफ्यांवर सोयाबीनच्या कुटाराचं जाड आच्छादन, मुळांशी गळक्या मडक्यांत पाणी, वर हिरवी जाळी. सुट्टीत पाणी घालायला चौकीदारभाऊंना मानधन. ते वर्गणीतून, पावतीसह.

परसबागांना गुण द्यायला साहेब लोक येतात ते जानेवारीत. जानेवारीत मेथी कुणाच्याही हातून उगवते, मनीषनगरच्या मुरमातही. साहेब, बागेला गुण द्यायचे असतील तर मे महिन्यात या, दुपारी बारा वाजता. आणि येताना एक बादली पाणी घेऊन या.