'नको' कोण म्हणतंय?

आमच्या मजल्यावर टीव्ही आधी आला, मिक्सर त्यानंतर कितीतरी वर्षांनी. मिक्सर स्वस्त होता, तरीही. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं तेही वरळीतच, त्यामुळे बीडीडी चाळीने ते घरचंच कार्य मानलं. एका खोलीत संच आला की अख्ख्या मजल्याला टीव्ही आला. रविवारच्या सिनेमाला १६० चौरस फुटांत, पलंगाखालची पोरं धरून, किती माणसं मावतात हे ज्याने पाहिलं नाही त्याला हाउसफुल्ल कळलाच नाही. टीव्हीने डोळे जातात असं सांगणारे एक आजोबा होते. ते पहिल्या रांगेत बसून सांगत.

मिक्सरचं नाव निघताच मात्र पुरुषमंडळी एकदम चवीची जाणकार झाली. "पाट्यावरच्या वाटणाची सर नाही." "मशीनमध्ये मसाला जळतो." कोकणातला असो की घाटावरचा, गणपतीच्या वर्गणीवर न होणारं एकमत इथे झालं. यातल्या एकानेही कधी वरवंट्याला हात लावला नव्हता. काकांच्या पहिल्या पाळीच्या डब्यासाठी काकी अंधारात उठून खोबरं-मिरच्या वाटायला बसायची, तेव्हा काका घोरत असायचे. खालच्या खोलीला गजराचं घड्याळ लागत नसे, वरवंटाच पुरे. चव लागायची ती नंतर, गिरणीत, डबा उघडल्यावर.

नवे शोध समाजात उशिरा का रुजतात, याची विद्वान मंडळी अज्ञान, गरिबी, परंपरा अशी भारदस्त कारणं देतात. असतील. मी आधी एवढंच बघतो की 'नको' कोण म्हणतंय आणि वाटतंय कोण.

कधी उलटही होतं. 'हवं' म्हणणारा एक आणि राहणारा दुसरा. आमची चाळ त्यातूनच जन्मली. १९२० मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढलं (बीडीडी ते हेच), मुंबईत येणाऱ्या कापसाच्या गाठीमागे रुपया कर बसवला आणि कामगारांसाठी पन्नास हजार खोल्यांचा बेत आखला. खोल्या सिमेंट काँक्रीटच्या, म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने एकदम अप टु डेट. वरळीत १२१ चाळी उठल्या, पण कामगार काही येईनात. गिरणी लांब, भाडं जड आणि उन्हाळ्यात सिमेंट तापतं, एवढं त्यांचं साधं म्हणणं. लॉइडसाहेबांना ते कळायला मार्ग नव्हता. त्यांचा मुक्काम मलबार हिलला, समुद्राच्या वाऱ्यावर. खोल्या वर्षानुवर्षं रिकाम्या पडल्या. पुढे कायदेभंगाच्या चळवळीत तुरुंग अपुरे पडू लागले, तेव्हा सरकारने वरळीच्या चाळींचाच तात्पुरता तुरुंग केला. भाडं न देणारे का होईना, राहायला माणसं मिळाली.

त्याच खोल्या पुढे अशा भरल्या की सुटता सुटेनात. पुनर्विकासाचं भूमिपूजन २०१७ मध्ये झालं आणि ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. मधल्या काळात जांबोरी मैदानाच्या कडेला किती उसासे पडले! गॅलरी जाणार, उघडी दारं जाणार, चाळीतली माणुसकी जाणार. उसासे टाकणारे बहुतेक सगळे आमच्यासारखे, संध्याकाळी गॅलरीच्या कठड्याला टेकणारे. सकाळी बादली घेऊन संडासाच्या रांगेत, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या नजरा चुकवत उभ्या राहणाऱ्या बायकांपैकी एकीलाही मी उसासा टाकताना ऐकलं नाही.

नमुन्याचा फ्लॅट बघून आलो तेव्हा मीही काकीपुढे तेच रडगाणं गायलो. टॉवरमध्ये कोण कुणाचं, माणुसकी उरणार नाही वगैरे. तिने सगळं ऐकून घेतलं.

"माणुसकी गेली तर बोलावून आणू रे. संडास घरात आहे ना? आणि कडी आतून नीट लागते का, ते बघितलंस?"

मी बघितलं नव्हतं.